पुस्तकात नसलेलं दार

आमच्या घरात ऐतिहासिक मालिका फुलांसाठी बघतात. पडद्यावर सरदार मोहिमेला निघालेला असतो, नगारे वाजत असतात, त्याची बायको तबक हातात धरून डोळ्यांतलं पाणी मोठ्या कष्टानं आत ढकलत असते, आणि आमची आई चष्मा वर सरकवून सांगते की हा झेंडू कापडाचा आहे. एकदा दिवाळीच्या पाडव्याचा प्रसंग होता आणि नायिकेच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा भरगच्च गजरा. त्याच भागात त्या नायिकेवर विषप्रयोगही झाला, पण त्याचं आमच्याकडे कोणालाच काही वाटलं नाही. ज्या वाड्यात ऐन दिवाळीत मोगरा फुलतो तिथलं विषसुद्धा खोटंच असणार, असं आईचं मत पडलं आणि ती कुकर लावायला उठून गेली.

याचं कारण आमचं घराणं. घराणं म्हणजे अमरावतीबाहेर मोर्शी रोडवरचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडा मोगरा, आणि बांधावर भाजीपाला. आता तिथं एक मंगल कार्यालय उभं आहे आणि त्यात सजावटीला कापडी फुलं लावतात. त्या रस्त्यानं जाताना आई मुद्दाम दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते.

मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे माझी चिडचिड वेगळ्या खात्यातली. शिवकाळातल्या पंगतीत बटाट्याची भाजी दिसली की माझं डोकं फिरतं. राणीसाहेब नथ, ठुशी, वाकी, सगळं अंगावर घालून झोपतात आणि सकाळी उठतात तेव्हा केसाची बटही हललेली नसते, यावर मी रोज बोलते. मी बोलायला लागले की आई आवाज वाढवते. अशा रीतीनं आम्हा मायलेकींचा रोज संध्याकाळी महाराष्ट्राच्या इतिहासाशी संबंध येतो.

तर असंच एका संध्याकाळी जाहिरात लागली. जहागीरदारांच्या तीन पिढ्यांची ती जाडजूड कादंबरी, जी एके काळी लग्नात आहेर म्हणून दिली जायची, तिच्यावर मालिका येणार होती. घोडे आले, भगवे झेंडे आले, थोरल्या वहिनीसाहेब खिडकीत उभ्या राहिल्या, आणि खालून धूर सोडला गेला. मला आनंदच झाला. मी आईकडे पाहिलं तर तिच्या हातातला पापड हातातच राहिलेला. ती एवढंच म्हणाली, की आता तुझ्या मोठ्या आईला काय सांगायचं. भानगड मलाही माहीत होती.

भानगड समजायला मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जावं लागेल. दुपारची जेवणं झाली की घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायका तिथं हार करायला बसत. मध्ये फुलांचा ढीग, प्रत्येकीच्या हातात लांब सुई किंवा गजऱ्याचा दोरा. या सगळ्यांत आमची आई म्हणजे दुधात मिठाचा खडा. ती गावातून दहावी पास होऊन आलेली, आणि तिची गाठ बसायचीच नाही. तिनं गुंफलेला गजरा बाजारात जाईपर्यंत सुटायचा. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, शेडची मुकादम. तिनं काही दिवस पाहिलं आणि मग आईच्या हातातला दोरा काढून घेतला. तुझ्या हाराला गळ्यात राहायचं तर देवालाच तो हातानं धरून उभं राहावं लागेल, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं आणि मग फर्मावलं, "तू वाच. आमी गुंफतो."

अशी आईला घरात नोकरी लागली. वडील सायकलवरून अमरावतीच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणत आणि आई त्या शेडमध्ये मोठ्यानं वाचे. बाकीच्या बायकांना वाचता येत नव्हतं. मोठी आई तर अंगठा उठवणारी. पण ऐकायची त्यांना शिस्त होती, आणि ती पोथी ऐकण्याची शिस्त होती. पुस्तक मांडीवर ठेवायचं नाही, पाटावर ठेवायचं. वाचून झालं की फडक्यात बांधायचं. प्रकरण अर्धवट सोडून उठायचं नाही, मग बाहेर गाय सुटो की पोर पडो. आणि शेवटचं पान झालं की समाप्ती. समाप्तीला शिरा. प्रेमभंगाची कादंबरी असो, खुनाची असो, शेवटी सगळ्यांच्या हातावर केळं घातलेला शिरा पडायचा. मी लहानपणी किती तरी वर्षं असंच समजत होते की कुठलंही पुस्तक संपलं की शिरा करतात, आणि शाळेत गणिताचं पुस्तक संपलं तेव्हा मी बाईंना तसं विचारलंही होतं.

पोथीचा अजून एक नियम होता. तो कोणी सांगितलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. वाचणाऱ्यानं पोथीत आपल्या पदरचं घालायचं नाही.

त्या वर्षी श्रावणात जहागीरदारांची कादंबरी सुरू झाली आणि दसऱ्याच्या तोडणीपर्यंत चालली. बायका खुळावल्याच होत्या. थोरल्या वहिनीसाहेबांचा सरदार उत्तरेच्या मोहिमेवर जातो आणि तिकडेच एका दुसरीच्या हवेलीत रमतो. वहिनीसाहेब वर्षानुवर्षं खिडकीत दिवा लावतात. तिकडे पुस्तकात हे चाललेलं, आणि इकडे आमच्या घरात मोठे बाबा, म्हणजे मोठ्या आईचे यजमान, फुलांच्या करंड्या घेऊन परतवाड्याला जाऊ लागले होते. आधी ते रात्री परत येत, मग दोन दिवसांनी, मग करंड्या तेवढ्या परत येऊ लागल्या. परतवाड्यात कोण आहे ते सगळ्यांना माहीत झालं. मोठ्या आईसमोर कोणी चकार शब्द काढला नाही. ती रोज दुपारी ढिगासमोर बसायची, सुईत फूल घालायची आणि आईला म्हणायची, वाच.

आईला पुढची पानं आधी वाचून ठेवायची सवय होती, म्हणजे वाचताना अडखळायला नको. एका दुपारी तिनं चुलीसमोर बसून शेवटचं प्रकरण वाचलं आणि तिला घाम फुटला. पुस्तकात असं होतं, की सरदार म्हातारा, आजारी, सगळं गमावून परत येतो. वहिनीसाहेबांनी तोवर अन्न सोडलेलं असतं. त्या फरपटत देवडीपर्यंत येतात, त्याच्या पायांवर डोकं ठेवतात, उशीर का केलात म्हणून विचारतात, आणि तिथंच प्राण सोडतात. लेखकानं ते फार सुंदर लिहिलंय. कॉलेजात असताना मी स्वतः वाचलं तेव्हा मीही रडले होते. पण आईच्या डोळ्यांसमोर ढिगामागे बसलेली मोठी आई होती, आणि अलीकडे ती एकच भाकर खाऊन उठते हेही आईनं पाहिलेलं होतं.

त्या दुपारी आईनं पाटावर पुस्तक उघडलं, योग्य ते पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि त्या पानावर नसलेलं वाचलं. तिच्या वाचनात सरदार परत आला तेव्हा वहिनीसाहेब चांगल्या धडधाकट होत्या. त्यांनी एव्हाना जहागिरीचा कारभार हातात घेतला होता. त्या दिवा घेऊन देवडीत आल्या, त्यांचा हात थरथरला नाही, आणि त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या, "पाहुण्यांना जेवायला वाढा. घरचं तूप वाढा. दार मात्र लावून घ्या."

समाप्तीचा शिरा झाला. मोठ्या आईनं दोनदा मागून घेतला, हे आई अजून सांगते.

पुढचं मी स्वतः पाहिलंय. मी तिसरीत होते. दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मोठे बाबा पिशवी आणि छत्री घेऊन ओट्यावर येऊन बसले. पाऊस नव्हता, तरी छत्री होती. माझे वडील मान खाली घालून उभे. मोठी आई आतून आली, चौकटीत थांबली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आईला म्हणाली, "जेवायले वाढ त्याईले. वरतून तूप टाक. अन् दार लावून घे." ताट मीच नेऊन दिलं. मोठे बाबा सगळं जेवले, दुसरी भाकर मागितली, ताट नळावर विसळून ठेवलं आणि छत्री घेऊन निघून गेले. मागे आईनं कडी घातली, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

महिन्याभरात मोठी आई मुलाला घेऊन अकोल्याला तिच्या भावाकडे गेली. तिथं तिनं देवळाच्या रांगेत एक टोपली मांडली, टोपलीची गादी झाली, गादीचं दुकान झालं. आज तिच्या मुलाचा लग्नाच्या सजावटीचा धंदा आहे आणि खऱ्या फुलांचा आहे. ती ऐंशीच्या घरात पोहोचली तरी सकाळी गादीवर बसते. धंद्यापायी ती पोराच्या पाटीवरून अक्षरंही शिकली. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, बसचे बोर्ड वाचते. अकोल्यात बायका अडीअडचणीला तिच्याकडे येतात आणि ती त्यांना एक गोष्ट सांगते, एका मोठ्या पुस्तकातली, वहिनीसाहेबांनी दार लावून घेतलं त्याची.

आता कळलं असेल, आईच्या हातातला पापड का थांबला. आईला मालिकेची भीती नव्हती, दाराची होती. तिनं मला एकदाच, माझ्या कॉलेजच्या काळात, मी ते प्रकरण वाचून तिला जाब विचारला तेव्हा सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, की मी खरं वाचलं असतं तर कोण जाणे, तिनं त्याला आत घेतलंही असतं. तिला नवरा मिळाला असता. माझ्या एका थापेपायी ती बाई अख्खा जन्म एकटी राहिली. मी आईची पुष्कळ समजूत घातली. पण असली समजूत वरवरची बसते, आईच्या गाठीसारखी.

मालिका सुरू झाली आणि अकोल्याहून रोज फोन सुरू झाले. भाग संपला की पाच मिनिटांत मोठ्या आईचा फोन, स्पीकरवर. तिचा सूर मुकादमाचाच. वहिनीसाहेबांच्या देव्हाऱ्यात प्लास्टिकची शेवंती काहून? सरदाराच्या लग्नातला हार इतका हलका काहून, वाकला तर उडून जाईल. शेवटी एक प्रश्न ठरलेला, दाराचं कधी येते. आई म्हणायची, येईल, अजून पुष्कळ आहे. आणि फोन ठेवला की रक्तदाबाची गोळी घेतली का ते आठवायची.

मी आईला धीर द्यायचे. माझा सगळा भरवसा मालिकावाल्यांच्या बेइमानीवर होता. हे लोक कादंबरीचं नाव तेवढं ठेवतात. झालंही तसंच. पुस्तकात नसलेली वहिनीसाहेबांची जुळी बहीण आली. सरदाराची स्मृती गेली, परत आली, पुन्हा गेली. एक बिबट्या आला, तो खोटा होता हे आमच्या समोरच्या घरातल्या मांजरालाही कळलं असतं. खिरीत विष कालवलं गेलं आणि ती खीर पाहुण्या कलाकारानं खाल्ली. पुस्तकात पाच पानांत उरकलेलं बारसं त्यांनी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चालवलं, आणि पुढं असाच सबंध पावसाळाही ढकलला. एरवी मी संतापले असते. आता मी देवाला म्हणत होते, यांना अजून खोटं सुचू दे. टीआरपी पडून मालिका बंद व्हावी म्हणूनही मी एका चतुर्थीला मोदकांचा नवस बोलले होते.

पण ज्यांनी अख्खी कादंबरी फिरवली, त्यांनी नेमका शेवटचा प्रसंग इमानदारीनं ठेवायचा ठरवला. मार्गशीर्षात त्याची जाहिरात लागली. देवडी, धूर, पांढऱ्या केसांचा सरदार, आणि त्याच्या पायांवर कोसळणाऱ्या वहिनीसाहेब. खाली लिहिलेलं, बुधवारी, महाभाग. आईनं टीव्ही बंद केला. थोड्याच वेळात मोठ्या आईच्या सुनेचा फोन आला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बुधवारी दुकानातल्या आणि गल्लीतल्या बायका घरी बोलावल्यात, समाप्ती आहे, आत्यांनी, म्हणजे तिच्या सासूनं, काकूंना पुस्तक घेऊन यायला सांगितलंय, असा निरोप होता.

आई रात्रभर जागी होती की नाही ते मला माहीत नाही, पण सकाळी चहा घेताना ती म्हणाली की मी जाऊन सांगते. टीव्हीनं सांगण्याआधी मीच सांगितलं पाहिजे. तिच्या तोंडाचा रंग पाहून मी शाळेत रजा टाकली.

बुधवारी दुपारी आम्ही अमरावतीहून एसटी धरली. आईला तिकीट पडत नाही याचा तिला एरवी फार अभिमान असतो, ती आधार कार्ड तलवारीसारखं काढते. त्या दिवशी तिनं ते गुपचूप दाखवलं. मांडीवर फडक्यात बांधलेलं पुस्तक, माझ्या कपाटातली जुनी प्रत. बडनेरा गेलं, मूर्तिजापूरला चहा झाला. मग तिनं मला विचारलं, की ती माझ्याशी बोलणं सोडेल का. मी म्हटलं, छे. ती म्हणाली, सोडलं होतं तिनं एकदा.

तेही खरं होतं. मी नोकरीला लागले त्या सुमारास मोठ्या आईनं एका दिवाळीला आमचा फराळाचा डबा न उघडता परत पाठवला होता आणि होळीपर्यंत आईशी बोलली नव्हती. कारण कोणालाच कळलं नाही. सगळ्या खानदानानं मिळून असा निष्कर्ष काढला होता, की त्याआधी अकोल्यात जेवताना आई म्हणाली होती, तुमच्याकडचं पाणी खारं, डाळ शिजत नाही. अकोल्याच्या माणसाला पाण्यावरून बोलू नये, हा धडा आम्ही त्यातून घेतला. होळीला ती आपणहून आली, पुरणपोळी खाल्ली, आणि तो विषय कुठल्या कुठे गेला.

अकोल्यात पोहोचलो तर आईला एकांत मिळायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. घराघरात घट मांडतात, वेण्या लागतात, हार लागतात. मोठ्या आईच्या बैठकीत टीव्हीसमोर फुलांचा ढीग, भोवती बायका, प्रत्येकीच्या हातात सुई. गॅसवर शिरा. मला वाटलं, मी तिसरीत परत आले. आई मोठ्या आईजवळ जाऊन म्हणाली की बाई, थोडं बोलायचंय. मोठ्या आईनं तिला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, आधी बघू, मग बोलू. पुस्तक पाटावर ठेवायला लावलं.

महाभाग लागला. जाहिरातींच्या मधून मधून सरदार चालत आला. वहिनीसाहेब अंथरुणावरून उठल्या. संगीतानं आमच्या कानाचे पडदे फाटले. मी आईकडे बघत होते आणि आई जमिनीकडे. वहिनीसाहेब फरपटत आल्या, पायांवर डोकं ठेवलं, उशीर का केलात म्हणाल्या, आणि संपल्या. वरून फुलं पडली. कापडी होती, पण या वेळी कोणी काही म्हटलं नाही. सगळ्या सुया थांबलेल्या.

मग एक बाई म्हणाली, की आजी, हे तर वेगळंच आहे, तुम्ही दार लावलं म्हणून सांगता. दुसरी, मोठ्या आईच्या दुकानात हार करायला येणारी, नवऱ्याचं घर सोडून चार घरांपलीकडे माहेरी येऊन राहिलेली. तिचा चेहरा पार उतरला होता. तिनं आईला विचारलं, काकू, तुम्ही वाचलंय ना, पुस्तकात काय आहे?

मोठ्या आईनं टीव्ही बंद करायला लावला. ती आईला म्हणाली, "वाच."

आईनं फडकं सोडलं. पान शोधायची गरज नव्हती, तिथं तिनं बसचं तिकीट घालून ठेवलेलं होतं, माझं. तिनं ओळीवर बोट ठेवलं. वहिनीसाहेब देवडीत आल्या, एवढं वाचलं. पुढं खरं काय ते समोर छापलेलं होतं, आणि तिनं स्वतः रचलेलं इतक्या वर्षांनी तिला शब्दाला शब्द आठवत नव्हतं. ती थांबली. तिचे डोळे भरून आले. ती मान वर करून म्हणाली, की बाई, मला हे वाचता येत नाही, यात असं काही नाही हो. पण तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तो माझ्यापलीकडे गेला की नाही शंका आहे.

मोठ्या आईनं सुई फुलांत टोचून ठेवली. पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर घातला, पाट स्वतःकडे ओढला. आईचं बोट उचलून बाजूला केलं आणि तिथं आपलं ठेवलं. आणि लग्नपत्रिका वाचते तसं, एकेक शब्द सुटा करत, तिनं वाचायला सुरुवात केली. वहिनीसाहेबांनी दिवा उचलला. त्यांचा हात थरथरला नाही. पहारेकऱ्याला त्या म्हणाल्या, पाहुण्यांना जेवायला वाढा. घरचं तूप वाढा. दार मात्र लावून घ्या. तिचं बोट ओळीवरून बरोबर सरकत होतं, ओळ संपली की खाली येत होतं, आणि मी शेजारून बघत होते, त्या बोटाखाली वहिनीसाहेब मरत होत्या.

वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं, फडक्यात बांधलं आणि सुनेला शिरा वाढायला सांगितलं. टीव्हीवाल्यांना काय कळतं, असं त्या बायकांनी एकमुखानं ठरवलं. माहेरी आलेल्या त्या बाईनं शिरा दोनदा घेतला.

बायका गेल्यावर आम्ही तिघी उरलो. ढिगात थोडी शेवंती शिल्लक होती. आईनं विचारलं, तुम्हाला कधीपासून ठाऊक. मोठी आई वेणी गुंफत बोलली. वर बघितलं नाही.

"ज्या दिवाळीले डबा वापस पाठवला तवापासून. पोरानं वाचनालयातून आणून देलं होतं पुस्तक. म्हटलं, आता वाचता येते तं आपल्या डोळ्यानं वाचू. चार महिने लागले."

आई म्हणाली, आम्हाला वाटलं पाण्यावरून.

"पाणी तं खारंच हाय," मोठी आई म्हणाली. "लय राग आला होता तुया. वाटलं, इनं मले फसवलं, म्या इच्या भरवशावर दार लावलं. मंग एक दिवस दुकानाचं शटर उचलता उचलता ध्यानात आलं. पुस्तकातल्या बाईनं नसन लावलं. म्या तं लावलं ना."

आई रडली. चांगली मोकळी रडली, आणि मीही. मोठी आई आमचं आटोपायची वाट बघत वेणीची टोकं बांधत होती. जरा वेळानं मला राहवलं नाही. मी विचारलं, की मोठी आई, तुला सगळं ठाऊक होतं, तर मग वर्षभर रोज फोन करून दाराचं कधी येतं म्हणून विचारत का होतीस. बायका कशाला जमवल्या?

तिनं वेणी परातीत ठेवली, वर ओला कपडा घातला.

"इतकं काय काय बदलवलं त्याईनं," ती म्हणाली. "बिबट्या आणला, जुळी बहीण आणली. मले वाटलं, हेही बदलवतीन. यावेळी तरी थे बाई दार लावन."